कुळागरासाठी मधली पिकप घ्यावी की मोठी? (सत्तरी)

सत्तरीचं_कुळागर

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचतोय, लिहितोय आज पहिल्यांदाच. आमचं कुळागर वाळपईच्या पुढे आत आहे, माड, पोफळी, केळी, थोडी मिरी आणि वर डोंगराच्या अंगाला काजू. आजवर गावातल्या एकाचा टेम्पो सांगायचो पण आता तो वेळेवर मिळत नाही, गेल्या शुक्रवारी सकाळी सहाला येतो म्हणाला आणि आला साडेनऊला, तोपर्यंत मापशाचा बाजार भरून अर्धा झालेला आणि पिकायला लागलेली केळी पडेल त्या भावाने द्यावी लागली. तेव्हाच ठरवलं की स्वतःची गाडी घ्यायची.

घोळ असा झालाय की घरात तीन मतं आहेत. माझं मन इन्ट्रा व्ही-३० सारख्या मधल्या पिकपवर आहे. काका म्हणतात घ्यायची तर बोलेरोची १.७ टनवाली मोठीच घे, परत परत गाडी घेणार आहेस का. आणि धाकटा भाऊ म्हणतो हायलक्स नाहीतर व्ही-क्रॉस घेऊया, घरची पण तीच आणि कामाची पण तीच, आईला डॉक्टरकडे न्यायला वेगळी गाडी नको. एकदाच पैसे घालायचेत म्हणून विचारतोय. वापरणाऱ्यांनी सांगा, शोरूमवाल्यांचं ऐकून झालंय.

फोंड्याचं_गॅरेज

दादा, गाडीचं नाव नंतर बघू, आधी तुमचा माल किती ते सांगा. अंदाजाने नको, वजनकाट्यावर घालून. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात जणांना आपण किती वजन नेतो हेच माहीत नसतं. ते "हौदा भरून" मोजतात. आता हौदा भरून नारळाची सोडणं घातली तर काहीच वजन नाही, आणि तोच हौदा फूटभर ओल्या रेतीने भरला तर गाडी गेलीच समजा. हिशोब करून बघा, दहा फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद हौद्यात एक फूट रेती म्हणजे ५५ घनफूट, म्हणजे दीड घनमीटरच्या वर, सुकी असली तरी अडीच टन. मोठी म्हणून घेतलेली १.७ टनवाली सुद्धा तिथे पाऊण टन ओव्हरलोड झाली. डोळ्याला मात्र हौदा अर्धा रिकामा दिसतो!

आणि आरसीवर बघायचे आकडे दोन, गाडीचं रिकामं वजन आणि एकूण पासिंग वजन. दोन्हीतला फरक म्हणजे तुमचा माल, आणि माणसांचं वजनही त्यातच धरायचं. पुढे तिघे बसले आणि मागे दोन पाडेली (नारळ पाडणारे) चढले की साडेतीनशे किलो तिथेच संपले.

चोर्ला_घाट_रोज

मी बेळगावहून भाजी आणतो, आठवड्यातून चार फेऱ्या, त्यामुळे माझं मत सरळ आहे, मोठी घ्या. घाटात गाडीला दम लागतो तो चढताना नाही तर उतरताना. दीड टन माल घेऊन चोर्ला उतरताय, पाऊस आहे, धुकं असं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही, आणि मधली गाडी पासिंगच्या काठावर भरलेली असली की प्रत्येक वळणावर पाय ब्रेकवरच राहतो. ब्रेक तापले की पायाखाली पेडल मऊ लागायला लागतं, तो अनुभव मी एकदा घेतलाय, दुसऱ्यांदा नको. मोठ्या गाडीत तोच माल तिच्या कुवतीच्या आत बसतो, दुसऱ्या गिअरमध्ये सोडली की इंजिनच धरून ठेवतं. ज्या गिअरात घाट चढता त्याच गिअरात उतरायचा, हे मला माझ्या पहिल्या मालकाने शिकवलं आणि अजून तेच करतो.

कुवतीच्या आत चालवलेली गाडी जास्त टिकते. पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगा), क्लच, टायर, सगळं.

नर्सरी_माशेल

चोर्ला दादांचं घाटाबद्दल बरोबर आहे पण ते रोज घाटात असतात. कुळागरवाले दादा किती वेळा जाणार घाटात?

मी माशेलला नर्सरी चालवते आणि गाडी मीच चालवते. माझ्याकडे आहे छोटा हत्ती, ७५० किलोचा. मला पण सगळ्यांनी मोठी घे मोठी घे म्हणून सांगितलेलं. पण माझं गिऱ्हाईक असतं खोर्ल्यात, दिवाडीला, चोडणला, जुन्या घरांच्या मागच्या पोरसात, तिथे वाट म्हणजे दोन गडग्यांच्या (दगडी कुंपणांच्या) मधली बोळ. दीड मीटर रुंदीची गाडी तिथे दारापर्यंत जाते आणि साडेचार मीटरपेक्षाही कमी त्रिज्येत वळते. मोठी असती तर रस्त्यावर लावून प्रत्येक कुंडी हातातून न्यावी लागली असती आणि हमाल दोन वाढले असते. फेरीबोटीत पण छोटी गाडी कोपऱ्यात घुसते, मोठ्याला पुढच्या फेरीची वाट बघावी लागते, आता २०२५ पासून रायबंदर–चोडणला रो-रो (गाड्या नेणारी मोठी फेरीबोट) आली तेव्हापासून तिथे तेवढा त्रास नाही, बाकीच्या धक्क्यांवर आहेच.

एक मात्र मान्य करते, ७५० किलो लगेच संपतात. पाणी मारलेल्या मातीच्या पिशव्या किती जड होतात ते पहिल्या पावसातच कळलं. मी आता सकाळी पाणी न मारता गाडी भरते आणि तिथे पोचल्यावर मारते.

सत्तरीचं_कुळागर

गॅरेजदादांनी सांगितलं तसं वाळपईत काट्यावर घालून आलो, दोन दिवस गेले यात पण डोळे उघडले. शुक्रवारचा माल म्हणजे ३५ लोंगर (घड) केळी, ती भरली ५४० किलो, सोललेले नारळ ३०० त्याचे १७० किलो, वर भाजीपाला, परसातली अळू-तायखिळा असली की पन्नासेक किलो. म्हणजे पाऊण टनाच्या आसपास, मला वाटत होतं दीड टन असेल!

सुपारी फोंड्याला बागायतदार संस्थेत घालतो, वर्षातून तीन-चार वेळा, एका वेळी १५ पोती म्हणजे ९०० ते हजार किलो. चिरे (जांभा दगड) लागतात गडगा पडला की, दरवर्षी पावसात कुठेतरी पडतोच, आमच्याकडचा चिरा तीस किलोच्या आसपास आहे, चाळीस चिरे म्हणजे बाराशे. आणि बेळगावहून खत नि पेंड, वर्षातून दोनदा, तेव्हा मात्र दोन टनांपर्यंत जातं.

फोंड्याचं_गॅरेज

मग तुमचं उत्तर तुम्हीच लिहिलंय की. वर्षाचे बावन्न शुक्रवार पाऊण टन, तीन-चार फेऱ्या एक टन, एक-दोन फेऱ्या सव्वा टन आणि फक्त दोन फेऱ्या दोन टन. त्या दोन फेऱ्यांसाठी बाकीचं वर्षभर रिकामा हौदा खडखडवत फिरवणार का? रिकामी मोठी गाडी म्हणजे मागचे पाटे कडक, मागच्या चाकांवर वजन नाही, ओल्या उतारावर ती नाचते. आणि ॲव्हरेज जातं ते वेगळंच. व्ही-३० ची कुवत १३०० किलोची, म्हणजे तुमच्या रोजच्या मालाला भरपूर आणि चिऱ्याच्या दिवशी काठावर, त्या दिवशी चाळीसऐवजी पस्तीस घाला, पुढे बसलेल्या दोघांचं वजन पण त्यातच आलं. बेळगावच्या दोन फेऱ्यांना भाड्याची मोठी सांगा.

पण छोटा हत्तीही नको तुम्हाला. ताईंना पुरतो कारण त्यांचा माल पसरट, तुमचा शुक्रवारचा मालच त्याच्या काठावर आहे. रोज काठावर चालवलेली गाडी तीन वर्षांत म्हातारी होते.

धाकटा_भाऊ_इथेच

दादाच्या धाग्यावर मी पण लिहितो कारण माझं म्हणणं कोणी नीट मांडलंच नाही. हायलक्सला फोर-बाय-फोर आहे लो रेंजसकट, २०४ पीएसचं इंजिन आहे, एअरबॅग आहेत. पावसात आमच्या वाटेवर जो चिखल होतो त्यात ही मागच्या चाकांवर चालणारी कुठलीही पिकप अडकणारच. आणि आई ७१ वर्षांची आहे, तिला पिकपच्या पुढच्या सीटवर चढताना बघितलंय का कोणी? तिचा गुडघा वाकत नाही. गाडी फक्त केळ्यांसाठी नसते.

पेडणे_ते_टेक्सास

धाकट्याचं म्हणणं मला पटतं, खास करून आईचं. पण एक अनुभव सांगतो. मी इथे अमेरिकेत अकरा वर्षं आहे आणि इथे हाच वाद रोज चालतो, फक्त मापं वेगळी. इथे मिडसाइज म्हणजे टॅकोमा, रेंजर, आणि फुलसाइज म्हणजे एफ-१५०, सिल्व्हराडो. फोर्डची एफ सिरीज इथली सगळ्यात जास्त खपणारी पिकप आहे १९७७ पासून, त्यामुळे सगळे म्हणतात फुलसाइजच घे. मी पण घेतली. एफ-१५० आरसे सोडून दोन मीटरच्या वर रुंद आहे आणि मोठ्या केबिनची घेतली तर लांबी पावणेसहा मीटरच्या पुढे. माझ्या जुन्या घराच्या गॅरेजचं दार तिच्यामागे बंद होत नव्हतं, चार वर्षं ती बाहेर उन्हात होती. बोट ओढायची म्हणून घेतलेली, बोट ओढली वर्षातून तीनदा. मागच्या वर्षी विकून मिडसाइज घेतली आणि सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये पहिल्यांदा एका दमात गाडी लागली.

तुमच्याकडे हायलक्स मोठी वाटते पण इथल्या हिशोबाने ती मिडसाइजच, पाच माणसांची केबिन आणि मागे लहान हौदा. पाच सीट आल्या की हौदा आखूड होतो, त्यावर इलाज नाही, चेसिस तेवढीच असते. इथे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळा स्टिकर असतो, माणसं आणि माल मिळून किती किलो ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत तो आकडा वेगळा निघतो, कारण जितकी चैन वाढते तितकी गाडी स्वतःच जड होते आणि मालाची जागा खाते. हे मला घेताना कोणी सांगितलं नव्हतं.

फोंड्याचं_गॅरेज

टेक्सासवाल्या दादांनी मुद्द्याचं सांगितलं. धाकट्या, हायलक्स चांगली गाडी आहे, तिला नावं ठेवणार नाही. पण ती ५३२५ मिलीमीटर लांब आणि १८५५ रुंद, आणि केबिनच्या मागे राहतो पाचेक फुटाचा हौदा. ३५ लोंगर त्यात रचून बघ, वरची खालच्याला चेचतात, मापशाला पोचेपर्यंत काळी. केळ्याला पसरायला जागा लागते. खाजगी नंबरवर भाड्याचा माल पण मारता येत नाही. आईसाठी तुझी काळजी खरी आहे, तिच्यासाठी सेकंडहँड छोटी कार घ्या, दोन्ही मिळून हायलक्सपेक्षा कमीतच बसेल.

कागद_नीट_ठेवा

कोणी बोललं नाही म्हणून कागदांचं सांगतो, कारण मधली आणि मोठी यात इथे खरा फरक पडतो. मोटार वाहन कायद्याच्या ६६ व्या कलमात मालवाहू गाडीचं एकूण वजन ३००० किलोच्या आत असलं तर परमिट लागत नाही. व्ही-३० चं एकूण वजन २५६५, तिच्यावरच्या मोठ्या व्ही-५० चं पण २९४०, दोन्ही आत. १.७ टनवाल्या मोठ्या पिकपचं स्वतःचं वजनच दीड टनाच्या वर, म्हणजे माल धरून तीन टनांच्या पुढे गेलीच, तिला परमिट आलं. बेळगावला जायचं तर कर्नाटकाचं पण बघावं लागेल.

लायसन्सचं टेन्शन नको. साध्या एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं होतं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या खंडपीठाने तेच कायम केलं. फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. ओव्हरलोडला केंद्राच्या कायद्यात २०,००० दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००, शिवाय जादा माल तिथेच उतरवायला लावतात. आणि जीएसटी मालवाहू गाड्यांवर २८ चा १८ टक्के झालाय २२ सप्टेंबर २०२५ पासून, जुनं कोटेशन कोणी पुढे केलं तर नवीन मागा.

कुटबण_जेटी

जुनी घेणार असाल तर एवढंच सांगतो, मासळीची गाडी घेऊ नका. आम्ही मासळीवालेच आहोत म्हणून सांगतो. बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या सांध्यात उतरतं, वरून रंग नवा दिसतो आणि खाली चेसिसच्या आडव्या पट्टीला बोट लावलं की पापुद्रे सुटतात. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत गाडी उभी असते तेव्हा गंज आणखी धरतो. घेण्याआधी हौद्याखाली आडवं होऊन टॉर्च मारून बघा, फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या दाराच्या) बिजागऱ्या हाताने हलवून बघा. वास धुऊन जातो, गंज जात नाही.

चोर्ला_घाट_रोज

मी माझं म्हणणं थोडं बदलतो. दोनच फेऱ्या असतील तर मोठीचा हट्ट नको. पण मग त्या दोन फेऱ्यांना मधली गाडी दोन टनाला ताणायची नाही, हा शब्द द्या. लोक पहिल्या वर्षी भाड्याची सांगतात आणि दुसऱ्या वर्षी म्हणतात "गेल्या वेळी दीड टन आणलं होतं, काही झालं नाही." तिथूनच सगळं सुरू होतं.

सत्तरीचं_कुळागर

शब्द दिला दादा.

काल आणखी एक केलं ते लिहितो, जरा लांबेल. मित्राची मोठी पिकप आणली रिकामीच, म्हटलं घरात वाद घालत बसण्यापेक्षा काकांनाच शेजारी बसवून कुळागरात उतरवूया. आमची वाट रस्त्यावरून खाली येते, पहिल्यांदा सरळ, मग व्हाळाच्या (ओढ्याच्या) मोरीवरून डावीकडे वळते, आणि त्या वळणावर एका बाजूला गडगा आणि दुसऱ्या बाजूला आजोबांनी लावलेला फणस. दोन्हीच्या मध्ये टेप लावला तर निघाले सहा फूट चार इंच, म्हणजे १९३ सेंटिमीटर. हायलक्स तिथे साडेसात सेंटिमीटर सोडून जाईल, दोन्ही बाजूंचे मिळून, आणि आरसे दुमडून! भाऊ स्वतः टेपचं दुसरं टोक धरून उभा होता, त्याने दोनदा मोजून घेतलं आणि मग काही बोलला नाही.

मोठी पिकप रुंदीला बसते. पण लांबीमुळे वळत नाही. पुढचं चाक मोरी ओलांडून गेलं, मागचं आत ओढलं गेलं आणि पाटाच्या काठावर आलं, काठाचा चिरा बसत बसत एका बाजूला कलला आणि पाटातलं पाणी गढूळ झालं. मी थांबलो. काका खाली उतरले, चिऱ्यावर पाय ठेवून बघितला, तो हलत होता. तीन वेळा मागेपुढे करून काढली गाडी. रिकामी होती म्हणून निघाली, वर एक टन असता तर तो काठ गेलाच असता, आणि त्या पाटाचं पाणी खालच्या तीन घरांच्या पोफळींना जातं.

काकांनी तिथेच विचारलं, फणस तोडायचा का? मग स्वतःच म्हणाले, नको, तुझ्या आजोबांच्या हातचा आहे, दरवर्षी शंभराच्या वर फणस देतो. म्हणजे गाडीच वाटेच्या मापाची घ्यायची.

मधली १६४ सेंटिमीटर रुंद, हौदा जवळपास पावणेनऊ फूट, लोंगरं एका थरात पसरतात. आज शोरूमला सांगितलंय की टेस्ट ड्राइव्ह रस्त्यावर नको, कुळागरात पाठवा. आधी कां-कूं केलं, मग तयार झाले. सोमवारी येतायत. मी वीस चिरे घालून उतरवून बघणार.

नर्सरी_माशेल

वीस चिरे घालूनच बघा आणि मग रिकामी पण बघा, पाऊस पडून गेल्यावर. शेवाळ धरलेल्या उतारावर रिकामी गाडीच जास्त घसरते. मी पावसाळ्यात मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर रेतीच्या दोन गोणी कायम ठेवते, अगदी फाळक्याजवळ नाही, तिथे ठेवल्या तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग धरत नाही.

फोंड्याचं_गॅरेज

ताई लाख बोलल्या. आणखी एक. टायरची हवा भरलेल्या दिवशी वेगळी आणि रिकाम्या दिवशी वेगळी, दाराजवळ किंवा मॅन्युअलमध्ये दोन्ही आकडे असतात. सगळे एकच ठेवतात आणि मग मागचे टायर मधोमध झिजले म्हणून माझ्याकडे येतात. डिझेल घेताय तर २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत बहुतेक डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतं, रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्याच मारल्या की ते भरतं नि दिवा लागतो. तुमचा शुक्रवारचा मापशाचा लांब रन आहे त्यामुळे ते आपोआप जळून साफ होत राहील, पण मधल्या दिवसांत नुसती कुळागर ते घर एवढीच चालवू नका, आठवड्यात एकदा वाळपईपर्यंत तरी नीट तापवून आणा.

धाकटा_भाऊ_इथेच

माझं मत बदललं, मोजल्यावर काय बोलणार. पण आईच्या गाडीचं मी सोडलेलं नाही. फोंड्यात एक जुनी कार बघितलीय, गॅरेजदादा, रविवारी आणली तर खालून बघून द्याल का? आणि पिकपला चढायला बाजूची पायरी लावून मिळते का, कधी तिच्यातून न्यावं लागलं तर?

फोंड्याचं_गॅरेज

आणा रविवारी, दहाच्या आत या, रॅम्प रिकामा असतो. पायरी लावून देतो, पण जमिनीपासून फूटभरच्या आत घेऊ नका, मोरीवर घासेल. आईंचा गुडघा कितपत वाकतो ते बघून उंची ठरवू, त्यांना पण घेऊन या.